चारीच्या शेवटाला, टेलला पाणी येत नाही, पाणीवापर सोसायटी कागदावरच आहे. बोअर मारू की संस्था उभी करू?

शेवटची_चारी

नमस्कार मंडळी. नगर जिल्ह्यातून लिहितोय, धरणाचं न् गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण उद्या परत त्याच लोकांसोबत पारावर बसायचंय. आमची चारी (कालव्यातून फुटणारा छोटा पाट) सहा किलोमीटरची आहे आणि आमच्या वस्तीची जमीन शेवटच्या दीड किलोमीटरात येते. माझं चार एकर, त्यातलं अडीच एकर लाभक्षेत्रात. यंदा रब्बीला दोन आवर्तनं झाली म्हणजे दोनदा कालव्याला पाणी सुटलं, पहिल्यात आम्हाला पाणी मिळालं ते पण रात्री साडेबाराला सुरू झालं आणि सकाळी नवाच्या आत वरून कोणीतरी दार फिरवलं, आणि दुसरं पाणी तर आमच्या पोटचारीपर्यंत पोचलंच नाही, चारीत नुसता ओलावा आला आणि कुत्र्यांनी पाणी पिलं तेवढंच. गहू ओंब्या भरायच्या टायमाला होता. एकरी सहा पोती झाला, दाणा बारीक.

वरच्या अंगाला, म्हणजे हेडला, सगळा ऊस आहे. कॅनॉलवर डोंगळे, म्हणजे चोरून पाणी ओढायचे पाईप, टाकलेले दिवसाढवळ्या दिसतात, पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा पाटबंधारे खात्याचा माणूस, बिचारा एकटा, त्याच्याकडे तीन चाऱ्या, तो काय करणार. आमच्या चारीवर पाणीवापर संस्था आहे, नोंदणी झालेली, बोर्ड पण आहे. चेअरमन हेडचे. शेवटची मीटिंग कधी झाली ते कोणालाच आठवत नाही. थकबाकी किती ते पण माहीत नाही. आमच्या टेलच्या लोकांनी पाणीपट्टी भरणं सोडून दिलंय कारण पाणी नाही तर पैसे कशाचे, आणि खात्याचे लोक म्हणतात थकबाकी आहे तर पाणी कसं सोडू. हे असं गोल गोल फिरतंय दहा वर्षं.

आता घरात विषय असा चाललाय की धाकटा भाऊ म्हणतो बोअर मारू, सगळं धरून लाख सव्वा लाखाचा खर्च आहे, आईची पोत गहाण ठेवायची बोलणी चालू आहेत. आमच्या शिवारात मागच्या दोन वर्षात तीन बोअर झाल्या, साडेचारशे साडेपाचशे फूट, दोन कोरड्या गेल्या आणि तिसरीला लागलं तर शेजारच्या चुलत्यांच्या विहिरीचं पाणी उतरलं, आता त्यांचं बोलणं बंद आहे. मला वाटतं तोच पैसा आणि तीच ताकद संस्था जिवंत करायला लावावी. पण मला यातलं काही कळत नाही आणि लोकांचा विश्वास पण नाही. कोणी हे केलंय का खरोखर? आणि अजून एक, आमच्याकडे निम्मी जमीन वाट्याने करणारे लोक आहेत, त्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांचं काय करायचं?

दिंडोरीचा_मळा

दादा, बोअर मारू नका. आधी हे वाचा.

आमच्याकडे वाघाड धरण आहे, दिंडोरी तालुक्यात. आज त्या भागातली द्राक्ष बघून लोक म्हणतात यांना काय कमी आहे, पण माझे वडील सांगायचे की नव्वदच्या आधी ओझरच्या बाजूला म्हणजे कालव्याच्या टेलला पाणी कागदावरच होतं, अगदी तुम्ही लिहिलंय तस्संच. तिथं बापू उपाध्ये आणि भरत कावळे या दोघांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे काम सुरू केलं, घरोघर फिरून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवात हेडपासून नाही केली, टेलपासून केली. 1990-91 च्या सुमारास पहिल्या तीन संस्था झाल्या, महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा, तिन्ही ओझरच्या. पाणी मोजून घ्यायचं, संस्थेने खात्याकडून ठोक घ्यायचं आणि आपल्या सभासदांना आपण वाटायचं. पट्टी आधी, पाणी नंतर.

त्यांनी अजून एक डोकं लावलं जे मला आजही फार मोठं वाटतं. मिळालेलं पाणी नुसतं शेतात सोडून दिलं नाही, ओढ्यांवरचे बंधारे त्या पाण्याने भरून घेतले, म्हणजे आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागला आणि ज्याला ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी विहिरीतून उचलता आलं. आवर्तनाची वाट बघत बसायचं कारणच संपलं. द्राक्षाला ड्रिप चालतं ते त्यामुळे, कारण ड्रिपला रोज थोडं थोडं पाणी लागतं आणि कालवा येतो महिन्यातून एकदा. हे कोणी सांगत नाही, सरकारी जाहिरातीत ड्रिप लावा ड्रिप लावा एवढंच असतं, अनुदान आहे 75-80 टक्क्यांपर्यंत, पण साठवण नसेल तर नळ्या उन्हात वाळत पडतात.

पुढे हळूहळू वरचे लोक आले कारण त्यांना दिसलं की टेलच्या संस्थांना हक्काचं पाणी मिळतंय आणि आपल्याला हातापाया पडावं लागतंय. शेवटी 24 संस्था झाल्या आणि 2003 ला सगळ्या मिळून पूर्ण प्रकल्पाची एकच संस्था झाली, धरणापासून शेवटच्या चारीपर्यंतचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे. सहजासहजी नाही झालं, भांडणं झाली, दहाबारा वर्षं गेली. पण झालं.

तुमच्या गावात पाच माणसं अशी शोधा ज्यांचा शब्द दोन्ही भावक्या ऐकतात. पुढारी नको.

मोजणीवाला

मी याच कामात नोकरी करून रिटायर झालेलो आहे, कालव्यावरच आयुष्य गेलं, त्यामुळे जे माहीत आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, तुमची संस्था मेलेली नाही. 2005 चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आहे त्यात लाभक्षेत्रातला प्रत्येक जमीनधारक सभासद असतो, अर्ज करून कोणाच्या मेहेरबानीने व्हायचं नसतं. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल तिन्हीकडून सारखे लोक घ्यायचे असतात, हे त्या कायद्यात मुद्दाम घातलंय कारण सगळीकडे रोग एकच होता, हेडचे लोक हेडचंच मंडळ करायचे. तर तुमच्याकडे टेलचे संचालक कोण आहेत ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी कागदावर नाव असतं आणि त्या माणसाला स्वतःलाच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, भांडायला जाताना "पाणी मिळत नाही" असं म्हणून जाऊ नका, आकडा घेऊन जा. हिशोब सोपा आहे आणि प्रत्येक शेतकऱ्याला पाठ पाहिजे. एक क्युसेक पाणी, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एक तास चाललं की एका एकरात साधारण एक इंच पाणी उभं राहतं. म्हणजे गव्हाला एका पाळीला तीन इंच धरलं तर एक क्युसेकवर एकराला तीन तास. आता तुमच्या चारीचं मुख किती क्युसेकचं आहे, त्यावर किती एकराची मागणी आहे आणि आवर्तन किती दिवस चाललं, एवढं लिहून काढलं की शाळेतलं पोरगं सांगेल पाणी कुठं गेलं. झिरप धरा, मातीची चारी असेल तर चांगली भरपूर धरा. तरी पण टेलला शून्य येत नाही.

चारीच्या मुखाशी गेजची, म्हणजे पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीची, नोंद रोज होते किंवा व्हायला पाहिजे. ती नोंद माहिती अधिकारात मागा. मी नोकरीत असताना हे कोणी मागितलं की वरपर्यंत सगळे जागे व्हायचे, खरं सांगतो. आणि शेजपाळी, म्हणजे एकामागून एक शेताची पाळी, लावताना टेलकडून हेडकडे यायची असा नियम धरा, उलटी लावली की टेलवाला मेलाच.

कालवा सल्लागार समितीची मीटिंग रब्बीच्या आधी होते, 15 ऑक्टोबरचा साठा बघून. आवर्तनं किती आणि कधी ते तिथं ठरतं. तुमच्या संस्थेचा माणूस तिथं असतो का? नसेल तर त्याच्या वाट्याचं दुसरं कोणीतरी बोलून येतं. बाकी माझं मत दिंडोरीवाल्यांसारखंच आहे, चारशे पाचशे फुटाची बोअर म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात जुगार आहे, पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत असतं, खाली जाऊन बहुतेक वेळा आपण शेजाऱ्याच्या भेगेतलंच ओढतो. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या खाली म्हणजे दोनशे फुटाखाली गेलं की खोल विहीर धरलीय, ती उगाच नाही धरलेली.

वरचा_ऊसवाला

इथं सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून लिहितो. मी हेडला आहे, दुसऱ्या कालव्यावर, साडेतीन एकर ऊस आहे. मला राग नाही आला पण चोर म्हटल्यासारखं वाटलं.

मी ऊस का लावतो ते कोणी विचारतं का? मी कांदा करून बघितला. डिसेंबर 2023 ला ऐन माल निघायच्या वेळेस निर्यातबंदी आली, माझा माल घरात, भाव खाली, वाहतूक सुद्धा निघाली नाही. त्या वर्षी मुलीचं लग्न पुढं ढकललं. टोमॅटो केला, रस्त्यावर ओतला. उसाला एफआरपी म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव आहे, कारखाना टोळी पाठवतो, पैसे उशिरा का होईना बँकेत येतात, सोसायटीचं कर्ज उसावर मिळतं, कांद्यावर कोण उभं करतं? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आवर्तन पंधरा दिवस लांबलं तर कांदा जळतो, ऊस पिवळा पडतो पण जगतो. म्हणून ज्याला पाण्याचा भरोसा नाही तोच ऊस लावतो, हे उलटं वाटेल पण असंच आहे. आणि भरोसा नाही म्हणून पाणी आलं की गरजेपेक्षा जास्त भरून घेतो, न जाणो पुढचं येतंय का नाही. मी पण भरतो. खोटं कशाला बोलू.

मला उद्या कोणी लिहून दिलं की अमुक तारखेला अमुक तास पाणी तुझ्या बांधावर येणार म्हणजे येणारच, तर मी दीड एकर ऊस मोडून हरभरा करायला तयार आहे आणि बाकीच्याला ड्रिप करतो. डोंगळा टाकणाऱ्याची बाजू मी घेत नाही.

शेवटची_चारी

वरच्या दादांनी खरं लिहिलं त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या हेडच्या कोणीच असं कधी बोललं नाही, किंवा आम्हीच कधी विचारलं नाही. आम्ही दरवेळी भांडायलाच गेलो.

रात्रपाळी_ताई

मी परभणी जिल्ह्यातली, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. तो कालवा 208 किलोमीटरचा आहे, आम्ही खूप खाली. त्यामुळे नगरवाल्या दादांचं वाचून डोळ्यात पाणी आलं आणि एक गोष्ट सांगावीशी पण वाटली, दादा राग मानू नका, तुम्ही तुमच्या चारीवर टेलला आहात पण आमच्यासाठी तुम्ही हेडला आहात. वरची धरणं भरली आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा साठा, ठरलेल्या टक्क्यांच्या खाली असला की पाणी सोडा म्हणून कोर्टात जावं लागतं, 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटप लिहिलेलं आहे, 2016 ला हायकोर्टाने पण ते उचलून धरलं, तरी दुष्काळी साल आलं की नगर नाशिककडून विरोध होतोच. तुम्हाला चारीवर जे वाटतं तेच आम्हाला अख्ख्या खोऱ्यात वाटतं. एवढंच.

आता मुद्द्याचं. माझे मालक औरंगाबादला कंपनीत आहेत, शेत मी बघते. पाळी आली की रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मीच जाते, दारं मीच धरते, मोटारीची लाईट पण आठवड्याआड रात्रीचीच असते. चारी फुटली तर चिखलात पाय घालून माती मीच लावते. आणि संस्थेच्या मीटिंगला मला बोलावत नव्हते कारण सातबारा सासऱ्यांच्या नावावर. सासरे पंचाहत्तरचे, त्यांना ऐकू येत नाही, तरी सही त्यांची. पाणी कधी येतं, किती येतं, कोण मधेच दार फिरवतं हे मला माहीत आणि मत देणार ते. तुमच्या वाटेकरी लोकांचं पण हेच आहे बघा. जो पाणी धरतो त्याला आवाज नाही.

आमच्याकडे काय केलं ते सांगते. कायदा बदलायची वाट नाही बघितली. सासऱ्यांकडून लेखी घेतलं की मीटिंगला माझ्या वतीने सून बसेल, आणि तसंच अजून सात बायकांनी केलं. पहिल्या मीटिंगला कोणी बोललं नाही आमच्याशी, दुसऱ्या मीटिंगला मी वही काढली, तीन आवर्तनांच्या तारखा, वेळा, किती तास, सगळं लिहिलेलं होतं माझ्याकडे, मुलाच्या जुन्या वहीत. चेअरमनकडे नव्हतं ते. तेव्हापासून नोंद ठेवायचं काम आमच्याकडे आलं. आणि ज्या घरात बाईच पाणी धरते त्या घराला दिवसाची पाळी, हा नियम झाला, आधी नाही म्हणाले मग एका वहिनींना पाळीवर असताना साप चावला, वाचल्या, पण त्यानंतर कोणी नाही म्हणालं नाही.

वाटेकऱ्यांना आम्ही मत नाही देऊ शकलो पण पाळीच्या चिठ्ठीवर नाव जमीनमालकाचं आणि धरणाऱ्याचं दोघांचं टाकतो. त्यामुळे पाणी कमी आलं तर तो स्वतः येऊन तक्रार करू शकतो. छोटी गोष्ट आहे पण त्याला मान मिळाला.

पुरंदरचा_नातू

ताईंनी जमीन आणि पाणी वेगळं करायचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर नायगावला पाणी पंचायत उभी केली. त्याचा नियमच होता की पाणी जमिनीवर नाही, माणसांवर द्यायचं. माणशी अर्धा एकर आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकर एवढ्याच भिजवणीचं पाणी, मग तुमची जमीन पंचवीस एकर का असेना. भूमिहीनाला पण वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचा 20 टक्के हिस्सा लोकांनी भरायचा. माझे आजोबा एका उपसा योजनेत सभासद होते, ते सांगायचे की पैसे भरले म्हणून माणसं पाण्यावर नजर ठेवायची, फुकट असतं तर कोणी बघितलं नसतं.

खोटं सांगणार नाही, आमच्या आजोबांची योजना पुढे बंद पडली. वीजबिल, पोरं शहरात गेली, मोटार जळाली की वर्गणी कोण काढणार. माझ्या मते कालव्याच्या चारीवर माणशी पाणी आणायला गेलात तर हेडवाले पहिल्याच दिवशी उठून जातील, त्यामुळे तो आग्रह आत्ता धरू नका. पण एक नियम लगेच करता येईल, टंचाईच्या वर्षी प्रत्येक घराला आधी एक एकराची पाळी, हेड असो टेल असो, आणि ती सगळ्यांची झाल्यावरच दुसऱ्या एकराला पाणी. आजोबांच्या भाषेत, आधी सगळ्यांच्या ताटात भाकरी पडू दे.

वरचा_ऊसवाला

एक एकर आधी सगळ्यांना, हे मला पटतंय. आमच्याकडे मांडून बघतो. फक्त खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्याला, ऐन एप्रिलमध्ये पाणी लागतं तेव्हा हे भांडण परत येणार, त्याचा विचार आधीच करून ठेवा.

शेवटची_चारी

मंडळी, परत आलोय तीन आठवड्यांनी. बोअरचं सध्या थांबवलंय, भावाला दिंडोरीवाल्या दादांचं पूर्ण वाचून दाखवलं. तो अजून नाराज आहे पण पोत घरात आहे.

टेलची एकवीस घरं आहेत, त्यातल्या सोळांनी मागची थकबाकी हप्त्याने भरायचं कबूल केलं, या अटीवर की चारीच्या मुखाशी आणि आमच्या हद्दीला दोन्हीकडे मोजमाप झालं पाहिजे. दोन वाटेकरी पण बसले होते. गेजची नोंद मागितली आहे. आणि एक झालं ते मला अपेक्षित नव्हतं, हेडच्या चेअरमनच्या घरी मी भांडायला नाही, नुसतं विचारायला गेलो की काका तुम्हाला ऊस का लागतो. दोन तास बसलो. त्यांच्या पण दोन बोअर कोरड्या गेल्यात आणि सोसायटीचं कर्ज आहे हे मला माहीतच नव्हतं, शेजारी राहून. मीटिंग बोलवायला तयार झालेत, दसऱ्याच्या आधी. डोंगळ्यांचा विषय काढला तेव्हा गप्प बसले, पण नाही म्हणाले नाहीत.

ताई, जायकवाडीचं तुम्ही लिहिलंत ते मी मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे. सगळ्यांना आवडणार नाही. पण खरं आहे ते.

मोजणीवाले काका, एकच विचारायचंय, आमच्या हद्दीला मोजायला काय बसवायचं? खर्च किती येतो, आणि आम्ही बसवलेलं खातं मान्य करेल का?

मोजणीवाला

कट थ्रोट फ्ल्यूम बसवतात, लोक त्याला सीटीएफ म्हणतात, चारीत सरळ पट्टा बघून. पत्र्याचा किंवा सिमेंटचा तयार मिळतो. आत पट्टी असते, पाण्याची उंची बघायची आणि तक्त्यात प्रवाह वाचायचा, दहावी शिकलेलं पोरगं करतं. खर्च आकारावर आहे, तुमची चारी बघितल्याशिवाय सांगणार नाही. मोजून पाणी देणं ही खात्याचीच जबाबदारी आहे त्यामुळे आधी संस्थेच्या लेटरहेडवर लेखी मागणी करा, पोच घ्या. स्वतः बसवायचं झालं तर संयुक्त पाहणी करून बसवा, त्यांच्या माणसाची सही पाहिजे, नाहीतर वाचन धरणार नाहीत. खाली गवत आणि गाळ साचला की पाणी फुगतं आणि पट्टी खोटं जास्त दाखवते, तर प्रत्येक आवर्तनाच्या आधी दोन्ही बाजूची वीस पंचवीस फूट चारी साफ करायची.

आणि वाचन एकट्याने घेऊ नका. एक माणूस टेलचा, एक हेडचा, दोघांनी सोबत वाचायचं आणि एकाच वहीत दोघांच्या सह्या. दिवसातून तीन वेळा, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. रात्री दहाचं चुकवू नका, दारं तेव्हाच फिरतात.